दोन कागद, दोन साक्षीदार

मृत्युपत्र करायला सामान फार थोडं लागतं. दोन-तीन कोरे कागद, एक चालणारं पेन आणि तासभर वेळ काढतील अशी दोन शहाणी माणसं. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही, तेव्हा स्टॅम्पपेपर शंभराचा घ्यायचा की पाचशेचा हा प्रश्नच येत नाही. नोटरीचा शिक्का लागत नाही. वकील केलाच पाहिजे असं नाही. नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. तरीही मृत्युपत्रांवरून भावाभावांत वीस-वीस वर्षं दावे चालतात. त्यातली बरीच मृत्युपत्रं भारी स्टॅम्पपेपरवर, सुबक टाइप केलेली आणि शिक्क्यांनी भरलेली असतात.

कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे किंवा दस्तांचे नमुने देणाऱ्या पुस्तकांत मृत्युपत्राचा तयार नमुना मिळतो. ‘मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसे जे की’ अशी त्याची सुरुवात आणि ‘येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवले असे’ असा शेवट. ही भाषा वाचली की हे सगळं सरकारी आहे आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मृत्युपत्र बाद होईल, अशी भीती वाटते. ती निराधार आहे. आपल्याकडे कायद्याने ठरवून दिलेला मृत्युपत्राचा नमुनाच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं ७४ वं कलम उलट सांगतं की मृत्युपत्रात कायद्याची परिभाषा वापरायची गरज नाही, लिहिणाऱ्याचा हेतू कळला की पुरे. ‘ऐसे जे की’ ही परंपरा आहे. ठेवली तरी चालेल, गाळली तरी चालेल.

मग नमुना कशाला? काही राहून जाऊ नये म्हणून. नमुन्यातल्या छापील ओळींमुळे सहसा कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते मधल्या रिकाम्या जागा भरताना आणि सह्या होताना.

पण त्याआधी, मृत्युपत्र केलंच नाही तर काय? तर आपलं मृत्युपत्र संसदेने १९५६ सालीच लिहून ठेवलं आहे, त्याचं नाव हिंदू उत्तराधिकार अधिनियम. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. विवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. यातली ‘आई’ बहुतेकांच्या हिशेबात नसते. ‘माझ्यामागे सगळं बायकोचंच आहे’ असं बिनधास्त सांगणाऱ्या गृहस्थाची आई हयात असेल आणि त्याला दोन मुलं असतील, तर बायकोला चौथा हिस्सा मिळतो. पुढे ती आई गेली की तिच्या हिश्शात तिची बाकीची मुलंही वाटेकरी होतात, म्हणजे दीर आणि नणंदा आल्या.

बाईच्या बाबतीत हा कायदा आणखी विचित्र आहे. विवाहित हिंदू स्त्रीला मूलबाळ नसेल आणि नवराही नसेल, तर तिने स्वतः कमावलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्या मागे रांगेत. सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये आलेलं एक प्रकरण असं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत एका बाईचा नवरा वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेली. तिचे बँकेतले पैसे, भविष्य निर्वाह निधी आणि बाकीची मिळकत, सगळं गेलं सासरी. सहानुभूतीवर कायदा चालत नाही, अशीच न्यायालयाची भूमिका होती. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने सगळ्या स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवायचं आवाहन केलं. न्यायालयाने निकालपत्रातून असा घरगुती सल्ला द्यावा, हे क्वचितच घडतं.

दुसरी ठाम समजूत नॉमिनीची. ‘नॉमिनी लावलाय ना, मग झालं.’ नाही झालं. बँक, सोसायटी किंवा म्युच्युअल फंड नॉमिनीला पैसे किंवा शेअर देतात ते स्वतःची जबाबदारी संपवायला. नॉमिनीने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. याचा महत्त्वाचा निकाल एका प्रसिद्ध मराठी घरातूनच आला. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं आणि २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या गुंतवणुकींवर नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी मालक होतो की नुसता राखणदार, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: कंपनी कायद्याखालचं नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्काची वेगळी वाट नव्हे. शेअर कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवणार. तेव्हा मृत्युपत्रात ज्याला द्यायचं त्यालाच शक्यतो नॉमिनीही करावं. बँक खात्याला आता चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे हे जुळवणं सोपं झालं आहे.

आता नमुना भरायला बसू. समजा, नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. वय ६८, यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा आणि सून पुण्यात, मुलगी आणि जावई कॅनडात. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर. सिन्नरकडे वडिलांकडून वारशाने आलेली वीस गुंठे जमीन. बँकेत ठेवी, थोडे म्युच्युअल फंड, लॉकरमध्ये दागिने. वाद व्हावा असं घरात काहीच नाही. बहुतेक घरांत आई असेपर्यंत ते तसंच असतं.

पहिला परिच्छेद सगळीकडे सारखा: पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख, मनाची स्थिती उत्तम आहे, कुणाचा दबाव नाही. बाईंचं आधारवर एक नाव आणि फ्लॅटच्या करारनाम्यावर माहेरचं नाव असेल, तर दोन्ही लिहायची आणि ती एकाच व्यक्तीची आहेत असं म्हणायचं. त्याखाली एक ओळ कधीही गाळू नये: ‘यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या या मृत्युपत्राने रद्द समजाव्यात.’ आधी कधी केलं नसलं तरी ही ओळ ठेवावी. सगळ्यात शेवटचं मृत्युपत्र खरं धरलं जातं, म्हणून तारीख ठळक आणि एकच असावी. वर टाइप केलेली ३ मार्च आणि सहीखाली हाताने लिहिलेली ५ मार्च, एवढ्यावरून उलटतपासणीत अर्धा दिवस जातो.

मग मिळकतीचं वर्णन. फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव, सदनिका क्रमांक, मजला, सिटी सर्व्हे नंबर आणि शेअर सर्टिफिकेटचा नंबर. जमीन असेल तर सातबाऱ्यावरून गाव, तालुका, गट नंबर आणि क्षेत्र जसंच्या तसं उतरवायचं, चतुःसीमाही लिहायच्या. सातबारा जुना असेल तर आधी ताजा काढून पाहावा. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंदीचा फेरफार झालाच नाही, हे पुष्कळांना नेमकं अशाच वेळी कळतं.

इथे शहरातल्या वाचकाने थोडं थांबावं. बाईंनी लिहिलं, ‘माझा फ्लॅट क्रमांक ७ मुलीस द्यावा.’ पाच वर्षांनी सोसायटी पुनर्विकासाला गेली, इमारत पाडली आणि नव्या इमारतीत त्यांना सातशे दोन क्रमांकाची सदनिका मिळाली. फ्लॅट क्रमांक ७ आता जगात नाही. किंवा त्यांनी तो विकून मुलाजवळ पुण्यात जागा घेतली. मृत्युपत्राने दिलेली नेमकी वस्तूच मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल, तर ती देणगी बुडते. त्या जागी आलेली वस्तू आपोआप त्या व्यक्तीकडे जात नाही. म्हणून वाक्य असं हवं: ‘सदर सदनिका, अथवा पुनर्विकासातून तिच्याऐवजी मिळणारी सदनिका व त्यापोटी मिळणारे सर्व हक्क, अथवा ती विकून घेतलेली जागा.’ निम्मं मुंबई-पुणं-ठाणं पाडून पुन्हा बांधलं जात असताना ही ओळ नमुन्यांत अजून छापून येत नाही, याचं नवल वाटतं.

दागिन्यांचे झगडे मात्र किमतीवरून होत नाहीत. ‘माझे सर्व दागिने मुलगी व सून यांनी समजुतीने वाटून घ्यावेत’ हे वाक्य दिसायला फार गोड आहे. वाटणी मात्र समजुतीवर सोडू नये. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, आजीची नथ कुणाला, हे नावानिशी लिहावं. तोळे लिहायची गरज नाही. वस्तू ओळखता आली पाहिजे. आणि सुनेच्या स्वतःच्या वस्तू सासूच्या लॉकरमध्ये असतील, तर त्या तिच्याच आहेत हेही लिहून टाकावं. ते स्त्रीधन आहे, त्यावर बाईंचा हक्क नाही. पण ते तिचं आहे असं सांगणारं दुसरं कुणी पुढे उरणार नसतं.

नमुन्यातली सगळ्यात मोलाची ओळ शेवटी येते आणि तीच बऱ्याचदा कोरी राहते: ‘वर नमूद केलेली सोडून माझी जी काही स्थावर-जंगम मिळकत माझ्या मृत्यूसमयी असेल ती सर्व…’ पुढे नाव. उद्या येणारी पेन्शनची थकबाकी, विसरलेली एखादी ठेव, बाईंना भावाकडून मिळणारा हिस्सा, सगळं या ओळीत मावतं. ती नसेल तर तेवढ्या मिळकतीपुरतं पुन्हा संसदेचं मृत्युपत्र लागू होतं. तशीच आणखी एक ओळ हवी: ‘मुलगी माझ्या आधी मृत्यू पावल्यास तिचा हिस्सा तिच्या मुलांना समान मिळावा.’ लिहिताना हात अडखळतो हे खरं, पण लिहावी.

एक चूक मात्र शिकलेली माणसंही करतात, आणि ती पुरुषांच्या मृत्युपत्रांत जास्त दिसते. ‘माझा बंगला माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिच्या पश्चात तो माझ्या दोन्ही मुलांना समान मिळावा.’ पहिल्या वाक्याने पत्नीला पूर्ण मालक केलं आणि दुसऱ्याने तिच्या मालकीला कुंपण घातलं. बंगला पूर्ण तिचा असेल तर ती तो विकू शकते, दान देऊ शकते, स्वतःचं मृत्युपत्र करून भाचीला देऊ शकते. आणि नसेल तर ‘पूर्ण मालकी’ म्हणायचं कशाला? अशा दोन वाक्यांचा मेळ घालण्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या न्यायाधीशांचा किती वेळ गेला आहे, हे निकालांच्या पुस्तकांत दिसतं. एकच काहीतरी ठरवावं. पत्नीला मालक करायचं तर मालक करा आणि पुढचं तिच्यावर सोडा. नाहीतर ‘पत्नीस हयातभर राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क राहील, विक्री-गहाणाचा अधिकार राहणार नाही, मालकी मुलांची’ असं स्वच्छ लिहा. या दुसऱ्या पर्यायात पोटगीच्या हक्काचा गुंता निघू शकतो, म्हणून तिथे वकिलाची फी सत्कारणी लागते. माझं स्वतःचं मत विचाराल तर, जिच्यावर चाळीस वर्षं घर सोपवलं तिला मालक करायला हरकत नसावी.

जे आपलं नाही ते देता येत नाही, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत आपला जेवढा हिस्सा तेवढाच मृत्युपत्राने देता येतो. कुटुंबनिवृत्तिवेतन देता येत नाही, ते नियमांप्रमाणे ज्याला मिळायचं त्यालाच मिळतं. गिरगाव-परळकडच्या पागडीच्या खोलीचंही तसंच. भाडेकरूपणाचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिला आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी घरातलं कोण त्याच्याबरोबर राहत होतं, यावर तो हक्क पुढे जातो. नाशिकच्या बाईंची जमीन वडिलांकडून आली असली तरी आता ती पूर्णपणे त्यांची आहे, ती त्या कुणालाही देऊ शकतात. तीच जमीन कुळकायद्याने मिळालेली असती, तर मृत्युपत्रात घालण्यापूर्वी जाणकाराला विचारावं लागलं असतं, कारण त्या जमिनींच्या हस्तांतरावर बंधनं आहेत.

मुलीला फ्लॅट दिला आणि मुलाला कमी, तर का, ते दोन ओळींत लिहावं. ‘मुलाच्या पुण्यातील घरासाठी मी व माझ्या पतीने पूर्वीच रक्कम दिली आहे’ एवढं बास. रागाचा हिशेब मृत्युपत्रात मांडू नये. तो कागद एक दिवस मोठ्याने वाचला जाणार आहे आणि ऐकणाऱ्यांत नातवंडंही असतील. व्यवस्थापकाचं नावही घालावं, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचं. तो नेमला नाही म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, पण नंतरची धावपळ कुणी करायची हा प्रश्न उरतो. पदरात अज्ञान मूल असेल तर त्याच्या पालकाचं नावही इथेच.

आता खरी परीक्षा, सह्यांची. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६३ काय मागतं ते नीट पाहू. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदार हवेत. त्या प्रत्येकाने एकतर त्याला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे. आणि प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. व्यवहारात मात्र तिघांनी एकाच टेबलाशी, एकाच बैठकीत सह्या कराव्यात. मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं तरी साक्षीदारांतून सुटका नाही. १९२७ पूर्वी आपल्याकडे गावोगाव हिंदूंची तोंडी मृत्युपत्रंही चालत. १ जानेवारी १९२७ पासून ती सवलत संपली आणि सगळीकडे लेखी कागद व दोन साक्षीदार आले.

साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नाही, हे माहीत नसल्याने लोक संकोचतात. शेजाऱ्याला आपला सगळा पसारा कळेल म्हणून त्याला बोलवत नाहीत, आणि मग साक्षीदार म्हणून कोण, तर मुलाचा मेहुणा आणि टायपिस्टच्या शेजारी बसणारा कुणीतरी. कागदावरच्या सह्या दोघांच्या सारख्याच दिसतात. फरक पडतो तो पंधरा वर्षांनी. मृत्युपत्राला कोर्टात आव्हान मिळालं तर निदान एक साक्षीदार, तो हयात असेल आणि मिळण्यासारखा असेल तर, उभा करावाच लागतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या ६८ व्या कलमात होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ वं झालं, अपेक्षा तीच. त्याला प्रश्न कसले असतात? बाई कुठे बसल्या होत्या? चष्मा होता का? आधी कुणी सही केली? दुसरा साक्षीदार त्या वेळी खोलीत होता का? कागद किती होते? ज्याला ‘सही केली एवढं आठवतं’, त्याची साक्ष मृत्युपत्राला वाचवत नाही.

तेव्हा साक्षीदार निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. तो आपल्यापेक्षा वयाने लहान असावा, कारण सत्तरीच्या बाईंनी पंचाहत्तरीचे दोन साक्षीदार घेण्यात अर्थ नाही. तो शोधता यावा, म्हणून सहीखाली पूर्ण पत्ता लिहावा. आणि मृत्युपत्रातून त्याला किंवा त्याच्या बायकोला काही मिळत नसावं. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत साक्षीदाराला दिलेली देणगी कायद्यानेच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला आमंत्रण कशाला? नेहमीचे डॉक्टर सर्वांत उत्तम. ते ओळखतात, त्यांचा दवाखाना जागचा हलत नाही, आणि बाई शुद्धीत, समजून-उमजून बोलत होत्या हे सांगायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, पण वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं एक जोडून ठेवावं.

संशयाबद्दलचा जो निकाल आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या खटल्यात वाचला जातो, तो साताऱ्याच्या माणसाने लिहिलेला आहे. पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असताना म्हैसूरकडच्या एका वृद्धेच्या मृत्युपत्राचा खटला त्यांच्यापुढे आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाकीच्या कागदांचा कर्ता कोर्टात येऊन सांगू शकतो, मृत्युपत्राचा कर्ता येऊ शकत नाही. म्हणून सही थरथरती असेल, माणूस आजारी असेल, वाटणी अस्वाभाविक वाटत असेल, किंवा ज्याला भरभरून मिळालं त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने हे सगळे संशय स्वतः दूर केले पाहिजेत. याचा घरगुती अर्थ असा की आईचं मृत्युपत्र मुलाने टाइप करून आणू नये, सही होताना त्याने खोलीत थांबू नये, आणि साक्षीदारांना त्याच्या गाडीतून आणू नये. त्याला काही मिळणार असेल तर त्याने त्या दिवशी पुण्यातच असावं.

छापील नमुना भरला असेल तर एकही जागा कोरी ठेवू नये, लागू नसलेल्या ओळीवर आडवी रेघ मारावी. प्रत्येक पानावर सही करावी. कायदा ती मागत नाही, पण मधलं पान बदललं असा आरोप मग होत नाही. खाडाखोड झालीच तर तिथे स्वतःची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी. सह्या झाल्यानंतर पेनाने केलेल्या सुधारणेला, ती तशाच साक्षीने झालेली नसेल तर, काही किंमत नाही. व्हिडिओ काढला तर चांगलंच, पण दोन साक्षीदारांची जागा तो घेत नाही.

नोंदणी करावी का? करावी, पण ती रामबाण आहे असं समजू नये. नोंदवलेलं मृत्युपत्रही संशयास्पद ठरू शकतं, आणि नंतरचं साधं, न नोंदवलेलं मृत्युपत्र त्याला रद्द करू शकतं. नोंदणीचा फायदा म्हणजे कागद हरवत नाही, तारीख पक्की होते आणि दुय्यम निबंधकासमोर माणूस स्वतः उभा राहिला होता याची नोंद होते. फी नाममात्र असते. आजारी माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात. आपल्या हयातीत त्याची नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दुसरी एक सोय फार कमी लोक वापरतात. मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येतं आणि ते आपल्या मृत्यूनंतर उघडलं जातं.

हा साधा नमुना ज्यांच्या कामाचा नाही असेही लोक आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीने मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर लग्नाने ते आपोआप रद्द होतं, नवं करावं लागतं. हिंदूंचं होत नाही. आणि गोव्यात तर खेळच वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा पुढे चालवणारा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. पती-पत्नीची मिळकत सामायिक धरली जाते, आणि मुलंबाळं किंवा आईवडील असतील तर आपल्या हिश्शातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव राहतो. ‘सगळं पुतण्याला’ असं तिथे लिहिता येत नाही. मृत्युपत्रही तिथे सरकारी नोटरीपुढे करायचं असतं. मूळ गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मुंबईतली मिळकतसुद्धा याच नियमांनी वाटली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. सावंतवाडीत छापलेला नमुना बांद्याचा नाका ओलांडून पेडण्यात नेला की कुचकामी होतो, तो यामुळे. घरात आयुष्यभर सांभाळ लागणारं अपंग मूल असेल, धंद्यात भागीदारी असेल, परदेशात घर असेल, तर नमुना बाजूला ठेवून वकिलाकडेच जावं.

झालेलं मृत्युपत्र लोक मोठ्या काळजीने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडायला मृत्यूनंतरची कागदपत्रं लागतात, आणि त्या कागदपत्रांसाठी हवं असलेलं मृत्युपत्र आत असतं. व्यवस्थापकाला जागा सांगून घरच्या कपाटात ठेवलेलं बरं. मूळ प्रत एकच करावी. पासवर्ड आणि पिन त्यात कधीही लिहू नयेत, त्यांची यादी वेगळी.

दर चार-पाच वर्षांनी, आणि घरात लग्न, मृत्यू, घटस्फोट किंवा घराची विक्री झाली की, ते काढून वाचावं. छोटा बदल असेल तर पुरवणी करता येते, पण तिलाही तसेच दोन साक्षीदार लागतात. त्यापेक्षा नवं लिहून जुनं फाडून टाकणं सोपं.

पुढचं काम व्यवस्थापकाचं. मुंबईत हिंदूने केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या मृत्युपत्राला कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावंच लागे. नाशिक-नागपूरला तशी सक्ती नव्हती. इंग्रजांच्या काळापासूनचा हा भेदभाव करणारं भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं २१३ वं कलम संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. वाद असेल किंवा एखादी संस्था अडूनच बसली, तर प्रोबेट आजही मागता येतं. एरवी नाशिकच्या बाईंचा मुलगा मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन सिन्नरच्या तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करेल. तलाठी सगळ्या वारसांना नोटीस काढेल. कॅनडातल्या बहिणीने हरकत घेतली नाही तर नोंद मंजूर होईल, घेतली तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे तक्रारी नोंद म्हणून जाईल, आणि तिथून पुढे दिवाणी कोर्टात डॉक्टरांना साक्षीला बोलावलं जाईल.